मोबाईलवरून स्ट्रीट फोटोग्राफी कशी करायची? सेटिंग, नजर आणि पोस्ट करण्याआधीचा एक प्रश्न



स्ट्रीट फोटोग्राफी सुरू करायला काय लागतं? खिशातला फोन आणि घरापासून दहा मिनिटांवरचा एखादा गजबजलेला चौक. बस, एवढंच. महागडा कॅमेरा नको, लेन्स नको, ट्रायपॉड तर नकोच नको.

मी गेली चार वर्षं पुण्यात, जास्त करून मंडई आणि तुळशीबागेच्या आसपास, फक्त मोबाईलवर असे फोटो काढतोय. डीएसएलआर माझ्याकडे कधीच नव्हता. या लेखात मी तुम्हाला तीन गोष्टी सांगणार आहे. फोनची कोणती सेटिंग आधी करून ठेवायची, रस्त्यावर उभं राहून नेमकं बघायचं काय, आणि काढलेला फोटो पोस्ट करायचा की नाही हे कसं ठरवायचं. तिसऱ्या गोष्टीत माझी एक मोठी चूक झाली होती. ती पण सांगतो, कारण सेटिंगचे व्हिडिओ यूट्यूबवर ढीगभर आहेत, पण या चुकीबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

स्ट्रीट फोटोग्राफी म्हणजे नक्की काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर सार्वजनिक जागेत, कोणालाही पोज द्यायला न लावता, रोजच्या जगण्याचा काढलेला फोटो म्हणजे स्ट्रीट फोटो. नावात रस्ता आहे म्हणून रस्ताच पाहिजे असं नाही. एसटी स्टँड, भाजी बाजार, नदीचा घाट, गावची जत्रा, लोकलचा डबा, सगळं चालतं.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ मध्ये पॅरिसच्या सेंट-लाझार रेल्वे स्टेशनच्या मागे काढलेला फोटो. पावसाचं पाणी साचलंय, एक माणूस त्यावरून उडी मारतोय आणि त्याची टाच पाण्याला टेकायला अगदी थोडंसं अंतर उरलंय. पुढच्या क्षणी फोटो काढला असता तर नुसता पाण्यात पाय पडलेला माणूस दिसला असता. असा एकच क्षण पकडायच्या कल्पनेला 'डिसायसिव्ह मोमेंट', म्हणजे निर्णायक क्षण, असं नाव पडलं. १९५२ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीचं नावही तेच आहे.

आपल्याकडची नावं पण शोधून बघा. रघुबीर सिंग यांनी जगातले बरेच नावाजलेले फोटोग्राफर ब्लॅक अँड व्हाइटमध्ये अडकलेले असताना भारतातले रस्ते रंगीत फिल्मवर टिपले. मुंबईवर त्यांचं आख्खं पुस्तक आहे. 'सलाम बॉम्बे'ची पटकथा लिहिणाऱ्या सूनी तारापोरवाला यांनी १९७७ पासून मुंबईचे फोटो काढलेत. त्यात इराणी हॉटेलं आहेत, गल्ल्या आहेत, समुद्राकाठ आहे. हे फोटो बघताना एक लक्षात येतं, की यातल्या बऱ्याच जागा आपण रोज ओलांडून जातो. आपण फक्त थांबत नाही.

मोबाईल कमी पडतो का?

उलट काही बाबतीत मोबाईलच बरा. कार्तिए-ब्रेसाँ लायका कॅमेरा वापरायचे, आणि त्या काळात तो लायका म्हणजे हातात मावणारा छोटा कॅमेरा होता. मोठ्या कॅमेऱ्याकडे लोक वळून बघतात, ताठ होतात, केस सारखे करतात. फोन मात्र प्रत्येकाच्याच हातात असतो.

मोबाईलच्या मर्यादा पण माहीत असू द्या. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा वाइड असतो, कॅमेऱ्याच्या भाषेत साधारण २४ ते २६ मिलिमीटर. म्हणजे त्यात बरंच काही मावतं, पण लांबचा माणूस मुंगीएवढा दिसतो. एखादा माणूस डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये नीट भरायचा असेल तर तुम्हाला त्याच्यापासून सात-आठ फुटांवर जावं लागतं. लांबून झूम करून काढू म्हणाल तर स्वस्त फोनमध्ये डिजिटल झूम फोटो नुसता कापून मोठा करतो आणि चेहरा मेणासारखा होतो. म्हणजे मोबाईल तुम्हाला जवळ जायला लावतोच. माझ्या मते हा त्याचा फायदाच आहे. का ते पुढे येईलच.

घरातून निघायच्या आधी ही सेटिंग करून ठेवा

रस्त्यावर सेटिंग शोधायला वेळ मिळत नाही. म्हणून हे सगळं घरीच करा.

१. लेन्स पुसा. हसू नका. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचं तेल असतं आणि त्यामुळे उन्हात सगळा फोटो धुरकट दिसतो. स्वच्छ सुती कापडाने पुसलं तरी पुरे.

२. कॅमेरा पटकन उघडायची सोय करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटण दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो. सेटिंगमध्ये ते चालू आहे ना बघा. फोटो काढायला व्हॉल्यूमचं बटण वापरा. स्क्रीनवरचं गोल बटण शोधताना फोन हलतो.

३. ग्रिड चालू करा. स्क्रीनवर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा येतात. वाकडे खांब आणि तिरका रस्ता तिथेच लक्षात येतो.

४. ब्यूटी मोड आणि पोर्ट्रेट मोड बंद. ब्यूटी मोड उन्हातान्हात काम करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून टाकतो. पोर्ट्रेट मोड मागचा बाजार धूसर करतो. मग तो फोटो मंडईत काढला काय आणि घरच्या गॅलरीत काढला काय, सारखंच.

५. ५० मेगापिक्सेल मोड नको. असे सेन्सर नेहमीच्या मोडमध्ये चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचा फोटो देतात. तो कमी उजेडात बरा येतो आणि लगेच सेव्ह होतो. पूर्ण ५० मध्ये फाइल मोठी होते आणि पुढचा फोटो काढायला फोन वेळ लावतो. तेवढ्यात क्षण गेलेला असतो.

६. शटर स्पीड समजून घ्या. शटर स्पीड म्हणजे कॅमेरा किती वेळ प्रकाश आत घेतो ते. चालणारा माणूस स्पष्ट यायला निदान १/२५० सेकंद लागतं. सायकल, धावणारं पोर, उडणारी कबुतरं यांना १/५०० किंवा त्याहून जास्त वेग. तुमच्या फोनमध्ये प्रो मोड असेल तर दिवसा शटर १/५०० वर ठेवा आणि आयएसओ ऑटोवर सोडा. आयफोनच्या मूळ कॅमेरा ॲपमध्ये शटर स्पीड बदलता येत नाही, त्यासाठी वेगळं ॲप लागतं. पण भर उन्हात ऑटो मोडसुद्धा वेगवान शटरच निवडतो, त्यामुळे सुरुवातीला ऑटोवर काही अडत नाही.

७. नाइट मोड जपून वापरा. नाइट मोड एक-दोन सेकंदांत अनेक फोटो काढून ते एकत्र जोडतो. देवळाची दीपमाळ छान येते, पण तिच्यासमोरून चालत जाणारी माणसं भुतासारखी पुसट होतात. रात्री माणसांचा फोटो हवा असेल तर नाइट मोड बंद करून दुकानाच्या ट्यूबलाइटखाली उभ्या असलेल्या माणसाकडे वळा.

८. फोटोमधलं लोकेशन बंद करा. कॅमेरा सेटिंगमध्ये लोकेशन टॅग असतो. तो चालू असेल आणि तुम्ही मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून कोणाला पाठवली, तर तो फोटो नेमका कुठे काढला हे समोरच्याला नकाशावर दिसू शकतं. तुमच्या फोटोतल्या माणसाचा रोजचा ठिय्या सगळ्यांना कळायची गरज नाही.

आणखी एक टीप. स्क्रीनवर एका जागी बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. मग बोट खाली सरकवून फोटो थोडा काळपट करा. फोनला सगळं उजळ दाखवायची घाई असते. थोडं काळपट केलं की उन्हाचा तुकडा उन्हासारखा दिसतो आणि सावली सावलीसारखी.

रस्त्यावर उभं राहून बघायचं काय?

आता खरी गोष्ट. नवखा माणूस बाजारात शिरतो आणि पंधरा मिनिटांत शंभर फोटो काढतो. घरी येऊन बघतो तर सगळ्या फोटोंत लोकांच्या पाठी! मी पण असंच केलंय. चालत राहिलं की आपण गोष्टींच्या मागे धावतो. एका जागी थांबलं की गोष्टी आपल्याकडे येतात.

मला उपयोगी पडलेल्या तीन पद्धती सांगतो.

*आधी प्रकाश शोधा.* सकाळी साडेसात-आठला मंडईच्या जुन्या दगडी इमारतीच्या आसपास तिरकं ऊन येतं. दोन छतांच्या फटीतून जमिनीवर उन्हाची एक पट्टी पडते, बाकी सगळं सावलीत. मी त्या पट्टीवर फोकस लॉक करतो आणि थांबतो. कोणीतरी डोक्यावर कोथिंबिरीची जुडी भरलेली पाटी घेऊन त्या पट्टीतून जातंच. अर्धा सेकंद चेहरा उजळतो. तेवढ्यात बटण दाबायचं. दुपारी बारा ते तीन मात्र ऊन डोक्यावर असतं आणि डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. तेव्हा चहा प्या.

*आधी मागची भिंत शोधा.* रंगवलेली भिंत, फाटलेलं सिनेमाचं पोस्टर, दुकानाचं बंद शटर. फ्रेम आधीच ठरवून ठेवा, फोन सरळ धरा आणि त्या रंगाला शोभेल किंवा विरोध करेल असा माणूस येईपर्यंत वाट बघा. निळ्या शटरसमोरून पिवळी साडी जायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी तास. कधी ती येतच नाही.

*आधी हात बघा.* चेहऱ्यापेक्षा हात जास्त बोलतात. मोड मोजणारे हात, लिंबू दाबून बघणारे हात, आईचा पदर धरलेला छोटा हात. आणि हाताचा फोटो काढला तर माणूस ओळखूही येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

भीती वाटते, मग काय करायचं?

सगळ्यांनाच वाटते. अनोळखी माणसासमोर फोन धरला की छातीत धडधडतं. माझंही पहिले दोन-तीन महिने होतं. मी लपून काढायचो. फोन कानाला लावल्यासारखं करायचं, मेसेज टाइप करतोय असं दाखवायचं. त्यातून दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे फोटो वाकडे आले. दुसरं म्हणजे लोकांना संशय यायला लागला. लपून काढणारा माणूस लांबूनही ओळखू येतो.

मग मी उलटं करून बघितलं. फोन सरळ छातीसमोर धरला. नजरानजर झाली की हसलो, मान हलवली. एकाच चहाच्या टपरीवर रोज चहा घ्यायला लागलो. दोन आठवड्यांत तिथल्या लोकांना मी ओळखीचा झालो. 'आला बघा फोटोवाला' म्हणून आपापल्या कामाला लागायचे. लोकांनी तुमच्याकडे दुर्लक्ष करावं असं वाटत असेल तर आधी त्यांच्या नजरेत यावं लागतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण करून बघा.

जवळ जाण्याचा फायदा म्हणालो होतो तो हाच. सात फुटांवर उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही दिसता. तो नको म्हणू शकतो. पन्नास फुटांवरून झूम केलं तर त्याला नको म्हणायची संधीच मिळत नाही.

माझी चूक

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारची वेळ होती. मंडईच्या बाजूला हातगाडीवर एक हमाल झोपले होते. गाडीच्या दांड्याला पाय टेकवलेले, तोंडावर गमछा अर्धवट घसरलेला, बाजूला बटाट्याची रिकामी पोती. फोटो सुंदर होता, आजही मला तसंच वाटतं. मी तो इन्स्टाग्रामवर टाकला आणि खाली हुशारीने लिहिलं, 'वर्क फ्रॉम होम'.

त्याआधी मला एका फोटोला साठ-सत्तर लाइक यायचे. या फोटोला दोन दिवसांत चार हजारांच्या वर गेले. मी हवेत. मग एका मीम पेजने तो उचलला, माझं नाव काढून टाकलं आणि आळशी माणसांवरचा जोक लिहिला. तो व्हॉट्सॲपवर फिरायला लागला. माझ्या मावशीच्या ग्रुपवर पण आला. मला तेव्हा राग कशाचा आला होता माहितीये? माझं क्रेडिट गेलं याचा.

तीनेक आठवड्यांनी मी त्याच टपरीवर चहा पीत होतो. चहावाले म्हणाले, "ते काका तुला शोधत होते." मी गेलो. वाटलं, आता आरडाओरडा होणार. तो झाला नाही. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाले, "पोरा, माझ्या मुलीच्या कॉलेजात आला तो फोटो. तिनं ओळखलं. मी पहाटे तीनला आलेलो त्या दिवशी, दोन टेम्पो खाली केले आणि मग पडलो होतो."

मी म्हणालो, "काका, चुकलं माझं. आत्ताच्या आत्ता काढून टाकतो." मी त्यांच्यासमोर पोस्ट डिलीट केली. ते बघत राहिले. मग म्हणाले, "विचारलं असतंस तर उठून बसलो असतो की."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. त्यांना फोटोची अडचण नव्हती. झोपलेलं दिसायची होती, कारण झोपण्याआधीचं पहाटेपासूनचं काम फोटोत कुठेच नव्हतं. आणि जे फोटोत नव्हतं त्या जागी मी माझा जोक भरला होता. मीम पेजने फक्त तो पुढे नेला.

डिलीट करून काही झालं नाही. गेल्या गणपतीत तेच मीम मला परत आलं, एका मित्राकडून, फॉरवर्ड होऊन.

कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही, पण एवढं माहीत असायला हवं. भारतात सार्वजनिक जागेत स्वतःपुरते फोटो काढायला सरसकट बंदी नाही. पण काही रेषा स्पष्ट आहेत.

- लष्करी ठिकाणं आणि 'फोटो काढण्यास मनाई' असा बोर्ड लावलेल्या जागा पूर्ण टाळा. विमानतळ, मेट्रो, रेल्वे, मॉल, देवस्थानं यांचे स्वतःचे नियम असतात. सुरक्षारक्षक नको म्हणाला तर वाद घालू नका.
- स्त्रीच्या खासगी क्षणाचे तिच्या नकळत फोटो काढणं किंवा पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. घाटावर आंघोळ करणाऱ्या किंवा कपडे बदलणाऱ्या बायकांकडे फोन वळवायचाच नाही. ती जागा सार्वजनिक असली तरी नाही.
- एखाद्या मुलीने नको असल्याचं दाखवूनही तिच्या मागे मागे जाणं हा पाठलाग होतो. त्यासाठी कलम ७८ आहे.
- ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला.
- फोटो जाहिरातीसाठी विकायचा असेल तर त्यातल्या ओळखू येणाऱ्या माणसाची लेखी संमती घ्या. स्टॉक फोटोच्या वेबसाइट्सही ती मागतात.

पण कायद्यात बसतं म्हणजे सगळं बरोबर असतं का? अमेरिकेतलं एक प्रकरण बघा. फिलिप-लॉर्का डीकोर्शिया या फोटोग्राफरने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये वर दिवे लपवून, लांबून, ये-जा करणाऱ्यांचे चेहरे टिपले आणि ते प्रदर्शनात लावले, विकले. त्यातल्या एका वृद्ध ज्यू माणसाने आपल्या धार्मिक श्रद्धेला हे मान्य नाही म्हणून खटला भरला. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ही कला आहे असं धरून फोटोग्राफरच्या बाजूने निकाल दिला. फोटोग्राफर जिंकला. तो फोटो खरंच ताकदीचा आहे. आणि त्यातल्या माणसाला तो नको होता, हेही तितकंच खरं.

माझं प्रकरण तर कोर्टापर्यंत जाण्यासारखंही नव्हतं. कोणत्याही कायद्याने मला पकडलं नसतं. म्हणूनच मला स्वतःचा एक नियम करावा लागला.

पोस्ट करण्याआधीचा एक प्रश्न: दाखवता येईल का?

फोटो काढणं आणि फोटो पोस्ट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोनमुळे आपण त्या एकच समजतो, कारण दोन्हींच्या मध्ये फक्त 'शेअर' नावाचं एक बटण आहे.

व्हिव्हियन मायर या बाईचं उदाहरण घ्या. अमेरिकेत शिकागोमध्ये ती लोकांची मुलं सांभाळायचं काम करायची आणि मोकळ्या वेळात रस्त्यावर फोटो काढायची. तिने एक लाखाहून जास्त फोटो काढले आणि ते जगाला जवळजवळ दाखवलेच नाहीत. २००७ मध्ये तिच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा निगेटिव्हची खोकी बाहेर आली. २००९ मध्ये ती वारली आणि त्यानंतर ती जगप्रसिद्ध झाली. तुम्ही तिच्यासारखं सगळं लपवून ठेवा असं मी म्हणत नाही. पण न दाखवतासुद्धा माणूस मन लावून फोटो काढू शकतो, एवढं त्यातून कळतं.

तर माझा नियम असा. हा फोटो आणि त्याखालची ओळ, मी त्याच माणसाच्या शेजारी बसून, त्याच्या हातात फोन देऊन दाखवू शकेन का? उत्तर 'हो' असेल तर पोस्ट. उत्तर देताना अडखळलो तर नाही. फोटो फोनमध्ये राहतो, मी त्यातून शिकतो, पण तो बाहेर जात नाही.

या प्रश्नामुळे काही गोष्टी आपोआप ठरल्या:

- झोपलेला, रडणारा, दारू प्यायलेला, आजारी माणूस ओळखू येत असेल तर पोस्ट नाही.
- लहान मुलांचा फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय नाही.
- गरिबी दाखवून लाइक मिळवायचे नाहीत. भीक मागणाऱ्या माणसाला तुम्हाला नाही म्हणणं सगळ्यात अवघड असतं.
- दुसऱ्याच्या फोटोवर विनोदी ओळ नाही. विनोद करायचा तर स्वतःच्या सेल्फीवर.

मग उरतं काय? खूप काही उरतं. हात, सावल्या, पाठमोरी माणसं, गर्दीचे आकार, हसणारे चेहरे, भांडणानंतरची शांतता, छत्रीखाली अर्धी लपलेली दोन माणसं. शिवाय काढून झाल्यावर विचारताही येतं. आधी विचारलं तर माणूस पोज देतो, हे खरंय. म्हणून मी आधी काढतो, मग जाऊन दाखवतो आणि विचारतो, "काका, हा टाकू का?" दहातले सात-आठ जण हो म्हणतात. दोन जण 'मला पाठव' म्हणतात. एखादा नाही म्हणतो, त्याच्यासमोर डिलीट करतो. डिलीट केल्यावर गॅलरीच्या 'रीसेंटली डिलीटेड' किंवा ट्रॅश फोल्डरमधूनही काढा. फोटो तिथे बरेच दिवस पडून असतो आणि हे लोकांना आता माहीत असतं.

कोणी चिडलं तर?

पळू नका. फोन खाली घ्या, हसा, आणि फोटो उघडून दाखवा. "फोटोग्राफी शिकतोय, तुमचा हात उन्हात छान दिसत होता म्हणून काढला," असं खरं कारण सांगा. तरी नको म्हणाले तर डिलीट करा आणि माफी मागा. 'सार्वजनिक जागा आहे, माझा हक्क आहे' हे वाक्य रस्त्यावर कधीच कामाला येत नाही. भाषणाला सुरुवात केलीत की गर्दी जमते. आणि गर्दी जमलीच तर वाद तिथेच सोडून निघा. एकही फोटो मार खाण्याइतका मोठा नसतो.

पहिल्या आठवड्याचा सराव

- दिवस १: एकही माणूस नको. फक्त सावल्यांचे दहा फोटो.
- दिवस २: एका जागी अर्धा तास उभे राहा. चालायचं नाही.
- दिवस ३: एकच भिंत निवडा, तिच्यासमोरून जाणाऱ्या माणसांचे फोटो.
- दिवस ४: फक्त हात.
- दिवस ५: फोन खिशात ठेवून फिरा. जे फोटो काढावेसे वाटले ते घरी येऊन वहीत लिहा. हा दिवस गाळू नका, नजर याच दिवशी तयार होते.
- दिवस ६: फोटो काढा आणि निदान तीन जणांना जाऊन दाखवा.
- दिवस ७: आठवड्याचे सगळे फोटो बघा आणि फक्त तीन ठेवा.

एडिटिंग साधं ठेवा. फोटो सरळ करा, कडेचा पसारा कापा, उजेड थोडा कमी-जास्त करा. नको असलेली माणसं एआयने पुसायचं फीचर आता बऱ्याच फोनमध्ये आलंय, पण स्ट्रीट फोटोत ते वापरू नका. त्या जागी तो माणूस होता म्हणूनच तर तो फोटो आहे.

आणि एक खर्च जरूर करा. महिन्यातून एखाद्या फोटोची पोस्टकार्डाएवढी प्रिंट काढा आणि ज्याचा फोटो आहे त्याला नेऊन द्या. फोटो स्टुडिओत एका चहा-नाश्त्याच्या पैशात होते.

त्या हमाल काकांचाही मी नंतर फोटो काढला, या वेळी विचारून. पोतं पाठीवर घेतलेलं, मान तिरकी, नजर सरळ कॅमेऱ्यात. फोटो म्हणून तो झोपेच्या फोटोएवढा चांगला नाही, थोडा पोज दिल्यासारखा झालाय. प्रिंट दिली तेव्हा त्यांनी ती बराच वेळ बघितली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. म्हणाले, "हा टाक पाहिजे तर."

टाकला. एकशे बारा लाइक आले.

चला तर मग, उद्या सकाळी लेन्स पुसा आणि तुमच्या गावातल्या चौकात अर्धा तास उभे राहून बघा. भेटूया पुढच्या लेखात.